भिंतींना हात लावू नये

कुमुद,

तुझ्या शोकसभेत माझं कौतुक झालं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि घरी जाताना माझ्या दारात थांबून म्हणाली असतीस, "मेले मी आणि हार तुला होय रे अनंता?"

खाली चौकात सतरंज्या घातल्या होत्या. तुझा फोटो गणपतीच्या टेबलावर ठेवला होता. फोटोत तुला चष्मा नाही, त्यामुळे ती कुमुद वाटतच नाही, असं सुमती माझ्या कानात म्हणाली. एकेक जण उठून बोलत होता. देसाई मास्तर म्हणाले, "कुमुदताई आणि अनंतराव आपल्या चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना जे देऊन गेले, ते कोणी विसरणार नाही." म्हणजे मलाही त्यांनी तुझ्याबरोबर पाठवून दिलं. पुढे म्हणाले, "अनंतरावांनी चिटणीस म्हणून परवानगी दिली नसती, तर ही रेलिंगं लागलीच नसती." सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मी बोलायला उभा राहिलो. "कुमुद आणि मी याच चाळीत लहानाचे मोठे झालो," एवढं म्हणालो आणि पुढचं काही येईना. लोकांना वाटलं, गहिवर आला. आला होताच. पण घशात अडकलं होतं ते वेगळं वाक्य होतं. मी परवानगी दिली नव्हती, एवढंच. ते तिथे म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

तुझं माहेर तिसऱ्या मजल्यावर आणि सासर दुसऱ्या. तुझ्या वरातीचा घोडा जिन्याखाली उभाच राहिला होता, आणि नवऱ्यावर रुसून माहेरी जायचं झालं की तू फक्त एक जिना चढायचीस. नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात. आयुष्यभर कानाला यंत्र लावून बसलीस, त्यामुळे निवृत्त झाल्यावर कान रिकामे राहवेनात. दुपारी दाराआड खुर्ची टाकून मेथी निवडत बसायचीस आणि गॅलरीतली पावलं ऐकायचीस. कोण आलं ते न बघता सांगायचीस. आम्ही त्याची गंमत करायचो. तू त्या पावलांमधून आणखी काय ऐकत होतीस, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी मात्र भिंती बघत होतो. चिटणीस झाल्यापासून आपल्या मजल्याची गॅलरी पांढरी शुभ्र ठेवायचा मला नाद होता. दरवर्षी दिवाळीआधी रंग. आणि दरवर्षी पुढच्या गणपतीपर्यंत भिंतीवर तेच तेलकट, काळपट डाग. बिल्डरची माणसं चाळ बघायला यायची, तेव्हा मला त्या डागांची लाज वाटायची. शेवटी मी एक पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि जिन्याच्या वळणावर, नोटीस बोर्डाच्या शेजारी ठोकली: 'भिंतींना हात लावू नये. – चिटणीस.'

दुसऱ्या दिवशी त्याखाली खडूने लिहिलेलं होतं: 'मग काय धरू? – एक भाडेकरू.'

मी ते पुसलं. परत आलं. परत पुसलं. तुझं अक्षर मी चौथीपासून ओळखतो, तुझ्याच पाटीवरून गणितं उतरवून मी पास झालो आहे. पण मी तुला विचारलं नाही, आणि तूही काही बोलली नाहीस. दोन म्हातारी माणसं खडूने भांडत होती.

मग त्या वर्षी रंगारी यायच्या आदल्या दिवशी तू मला बाहीला धरून गॅलरीत उभं केलंस.

"रंग लावायच्या आधी एकदा नीट बघ."

"काय बघू? घाण आहे ती."

"घाण नाही रे. हात आहेत."

आणि तू ती भिंत मला वाचून दाखवलीस. दुसरा शब्द मला सुचत नाही. "हा जनाकाकूंचा. त्यांच्या दारापासून सुरू होतो, बघ, आणि मधे कुठेच तुटत नाही. म्हणजे एक पाऊलही त्या भिंतीशिवाय टाकत नाहीत. हा खालचा देसाई मास्तरांचा. दोन वर्षांपूर्वी तो इथे वर होता, आता खाली आलाय, कारण मास्तर वाकलेत. हा एवढा रुंद कशाने? इथे सगळेच थांबतात, श्वास घ्यायला. मी पावलं ऐकते ना, ती इथेच बंद पडतात."

मी त्या भिंतीसमोरून रोज जात होतो, कुमुद. तिला माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. त्या दिवशी तू बोलत गेलीस आणि डागाडागातून माणसं बाहेर येत गेली. एका मजल्यावरचं सगळं म्हातारपण आमच्या नकळत भिंतीवर उमटत होतं आणि मी ते दरवर्षी, हौसेने, दोन हात देऊन पुसत होतो.

संडासाच्या टोकाला, वळणावर, पिवळसर बोटं उमटली होती. चार बोटं, स्वच्छ.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"सुमतीची. हळदीचा हात घेऊन आली होती."

मी त्या चार बोटांवर माझी बोटं ठेवून पाहिली.

"बायकोने संध्याकाळचा चहा सोडलाय म्हणून तू चाळभर सांगत फिरतोस. व्रत घेतलंय म्हणे."

"तिनेच सांगितलं मला."

"तिने चहा नाही सोडला, अनंता. चहा घेतला की या टोकापर्यंत यावं लागतं. आल्यावर खाली बसावं लागतं. आणि बसलं की गुडघे उठू देत नाहीत. मागे एकदा आत अडकून पडली होती. मी दार वाजवून, हात देऊन उठवली. तुला सांगू नको म्हणाली. आता सांगितलं."

यावर माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, "बघू. मीटिंगला विषय घेऊ."

दुसऱ्या दिवशी रंगारी आले आणि मी रंग लावून घेतला. सुमतीच्या बोटांवरही. तू अडवलं नाहीस, कारण रात्रीतून तुझं काम झालं होतं. प्रत्येक डागाची जमिनीपासूनची उंची तू परकराच्या एका लांब नाडीवर गाठी मारून घेतली होतीस. ती नाडी मला फार उशिरा कळली.

मीटिंग झाली. तू उठून सांगितलंस की जिन्याला आणि गॅलरीला भिंतीच्या बाजूने रेलिंग लावू, आणि टोकाच्या एका संडासात कमोड बसवू. पहिल्या जनाकाकूच उसळल्या. "माका नको गो तां! खुर्चेर बसान कोणाक होता काय?" सगळा चौक हसला. मग मी उठलो. टॉवर होणार आहे, लिफ्ट येणार आहे, प्रत्येकाच्या घरात स्वतंत्र संडास येणार आहे, हे मी बोटांवर मोजत सांगितलं. पडणाऱ्या इमारतीच्या भिंतींना आता भोकं पाडून काय मिळवायचं?

"बिल्डरचा माणूस पहिल्यांदा आला," तू म्हणालीस, "तेव्हा माझी मेघना शाळेत जात होती. आता तिचा मुलगा कॉलेजात आहे."

"या वर्षी नक्की आहे."

"येऊ दे की लिफ्ट. तुझ्याबरोबर दिवसभर वर-खाली करीन. पण आज संध्याकाळी कोणाला संडासला जायचं असेल तर त्याने काय करायचं? टॉवरची वाट बघायची?"

लोक परत हसले, पण मत द्यायच्या वेळी माझ्याकडे बघून हात वर केले. आपल्या भागात आपण सगळे असेच जगलो आहोत. गळकं छप्पर, तुटकी फरशी, सैल झालेला कठडा, सगळ्याला एकच उत्तर: आता कशाला, बिल्डिंग जाणारच आहे. बिल्डिंग उभी राहिली आणि माणसं जात राहिली. त्या दिवशी सुमतीनेही हात वर केला, माझ्याकडे बघत. तुझा एकटीचा हात मांडीवर होता. मी विषय पुनर्विकासानंतरच्या सभेकडे ढकलला आणि चहा मागवला. सुमतीने घेतला नाही.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. परत आलो तेव्हा दिवस कलला होता. खाली डंकावर कोणाचा तरी मसाला कुटत होते, त्याने नाक चुरचुरत होतं. मी डाव्या खांद्यावर आंब्याची पेटी घेऊन जिन्यात शिरलो आणि अंधारात हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. स्टीलचं रेलिंग. तळापासून वरपर्यंत.

माझं डोकं फिरलं. पण माझ्या पुढे सुमती होती. तिने ते धरलं. एक पायरी चढली, थांबली, माझ्याकडे वळून पाहिलं, परत चढली. गॅलरीत पोचल्यावर हातातली पिशवी तिने दारातच ठेवली आणि घरात न जाता ती सरळ टोकाकडे निघाली, रेलिंगवरून हात सरकवत, जणू कोणी तिला हाताला धरून नेत होतं. टोकाचं दार उघडलं, लागलं. आपण दोघं, तू आणि मी, आपापल्या दारात उभे होतो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सुमती बाहेर आली, तिथेच उभी राहिली आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, चहा टाका कोणीतरी."

चहा तू टाकलास. मी अजून पेटी खांद्यावर घेऊनच उभा होतो.

नंतर तुला गाठून विचारलं, "कोणाच्या परवानगीने?"

"तुझ्या."

"माझ्या?"

"मी सांगितलं सगळ्यांना. अनंताने गावाहून फोन केला. म्हणाला, मीटिंगमध्ये चिटणीस म्हणून तसं बोलावं लागतं, पण मनातून मला पटलंय, मी यायच्या आत उरकून टाक. सगळे म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस."

"कुमुद, हे खोटं आहे."

"हो. जा, सांग जाऊन. सगळं उखडून टाकतील उद्या."

मी गेलो नाही. पहिले काही दिवस सुमतीसाठी गप्प राहिलो, हे खरं. त्यानंतर मला ते आवडायला लागलं म्हणून गप्प राहिलो, हेही तितकंच खरं. शेजारच्या चाळींतली माणसं बघायला येऊ लागली. मी त्यांना फिरवून दाखवत असे आणि तोंडाने 'आम्ही' म्हणत असे. चाळीच्या सत्यनारायणाला मला शाल आणि नारळ दिला. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. नंतर म्हणालीस, "शाल बरी आहे रे. सुमतीला दे, तिला थंडी वाजते." एवढंच. तुझ्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला असता तर बरं झालं असतं. ते काम टिकावं म्हणून तू श्रेय माझ्या नावावर केलंस आणि परत त्याकडे वळून पाहिलं नाहीस. माझ्याच्याने हे झालं नसतं. अजूनही होणार नाही.

जनाकाकूंचं तर तुला माहीतच आहे. महिनाभर त्या कमोडाच्या वाटेला गेल्या नाहीत, मग एक दिवस गेल्या आणि तो त्यांचाच झाला. मुलगा न्यायला आला होता, त्याला त्यांनी काय सांगितलं ते सगळ्या चाळीला पाठ आहे. "झील माका डोंबिवलीक नेवक इलो. मी इचारलंय, थंय भितीक दांडो आसा काय? नाय म्हणालो. मगे जा म्हटलंय."

मी नंतर एकदा सहज बघितलं. जनाकाकूंच्या दारापाशी रेलिंग जरा वर आहे, मास्तरांच्या दारापाशी किंचित उतरतं, आणि सगळे जिथे थांबतात तिथे पाठ टेकायला रुंद फळी आहे. मला वाटलं, कामगाराने वाकडं लावलं. तुला बोललोही. तेव्हा तू ती गाठींची नाडी आणून भिंतीला लावून दाखवलीस. प्रत्येक गाठ बरोबर रेलिंगवर येत होती. मी पुसलेले सगळे हात तू परत भिंतीवर आणले होतेस.

एका गोष्टीवरून मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. जिन्याच्या वळणावर, बरोबर माझ्या पाटीखाली, तू एक घडीची फळी बसवलीस. बिजागरीवर खाली यायची, माणूस बसायचा, उठला की परत भिंतीला. तिथून उठायला एक हँडल होतं, तेही डाव्या बाजूला. बाकी सगळीकडे, संडासातसुद्धा, हँडल उजवीकडे. मी म्हणालो, "हे चुकीच्या बाजूला बसलंय. त्या माणसाला बोलावून बदलून घे."

"राहू दे. तिथे जो बसणार आहे त्याला चालेल."

"कोण बसणार आहे?"

"बसेल कोणीतरी. तू बसतोस का? बस की. बसायला ठराव लागत नाही."

मी बसलो नाही. त्या वळणावर मी रोज थांबत होतो, पण खिशात किल्ली शोधत, नाहीतर मीच लावलेली नोटीस पुन्हा वाचत. तू वरून विचारायचीस, "सापडली का रे किल्ली?" आणि मी चढायला लागायचो. तू जिवंत असेपर्यंत मी त्या फळीवर एकदाही बसलो नाही.

तू स्वतःही त्यातलं काही वापरलं नाहीस. तू ताठ चालायचीस. ज्या दुपारी गेलीस, त्या दुपारीही दाराआडच्या खुर्चीत होतीस, मांडीवर मेथीची जुडी. येणारे-जाणारे तुझ्यासमोरून गेले आणि सगळ्यांना वाटलं, कुमुदताई पावलं ऐकत बसल्यात.

तुला खाली नेताना मी मागे होतो. आपला जिना किती अरुंद आहे, तुला सांगायला नको. आजवर या जिन्यावरून कोणाला नेताना माणसं अडखळायची, ओरडायची, "सांभाळून, सांभाळून." त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. तुला उचलणाऱ्या प्रत्येकाचा एक हात तुझ्याखाली होता आणि दुसरा तुझ्या रेलिंगवर. तू तरंगत खाली गेलीस, कुमुद. मी तसं दुसऱ्या कोणाला जाताना पाहिलेलं नाही.

वळणावर आल्यावर माझे पाय गेले. मी फळी पाडली आणि बसलो. माणसं खाली पोचली, तिथून कोणीतरी हाक मारली, "अनंतराव, चला." उठायला मी हात पुढे केला, जो करतो तो, डावा. आणि हँडल त्याच जागी होतं. शोधावं लागलं नाही. हात पडला तिथे ते होतं.

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ऑफिसात नाही, डॉक्टरला नाही, सुमतीलाही 'झोपेत अवघडला' एवढंच सांगत आलो. शर्ट घालताना पाठ करून उभा राहतो. आपण कॉलेजात होतो, गोविंदाला मी थरावरून उजव्या खांद्यावर पडलो, हाड बसायचं तसं बसलं नाही. तू तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून बादलीने पाणी ओतत होतीस. सगळ्या मुली ओततच होत्या. मी जमिनीवरून उठताना, दुखणं लपवायला, हसत वर ओरडलो होतो, "कुमे, तुझ्याच पाण्याने घसरलो!" सगळे हसले. तू हसली नाहीस. त्यानंतर तू गोविंदाला कधी पाणी ओतलं नाहीस, हे माझ्या लक्षात होतं. त्याचा अर्थ मात्र मी त्या दिवशी, त्या फळीवर बसून लावला.

म्हणजे एवढी वर्षं तू माझ्या खांद्यावर नजर ठेवून होतीस. पेटी कुठल्या खांद्यावर घेतो, किल्ली कुठल्या हाताने शोधतो. सगळ्या चाळीच्या गाठी नाडीवर होत्या, माझी तेवढी तुझ्या मनात होती.

तर आता दोन गोष्टी ऐक. पहिली, मी परवानगी दिली नव्हती. दुसरी मी तुला त्याच दिवशी सांगायला हवी होती. मी तुझ्या पाण्याने घसरलो नाही, कुमुद. पाणी पडायच्या आधीच माझा पाय थरथरायला लागला होता. मी घाबरलो होतो. तुझं त्यात काही नव्हतं.

तू हे कुठे मनात धरून बसली होतीस की नाही, मला आता कळणार नाही. नसशीलही. मग ते हँडल नुसतंच माझ्यासाठी लावलंस, आणि ते मला जास्त जड जातं.

आज ती पत्र्याची पाटी मी काढली. माझ्या अक्षरांखाली पत्र्यावर तुझा खडू अजून पुसट दिसतो, मी पुसला तरी चरे राहिले आहेत. तिच्या जागी हा कागद लावतो आहे. ज्याला वाचायचा त्याने उभ्याने वाचू नये, खाली फळी आहे.

कागद चिकटवून झाल्यावर मीच बसलो; हे एवढं त्याखाली नंतर लिहितो आहे. भर संध्याकाळी, माणसं कामावरून येत असताना. वरून सुमतीच्या चहाचा वास येत होता. देसाई मास्तर रेलिंग धरून हळूहळू चढत आले, माझ्यासमोर थांबले.

"काय अनंतराव, किल्ली सापडत नाही?"

"नाही मास्तर," मी म्हणालो. "दमलोय."